राक्षस किती बळकट करावा?

प्रश्न : डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या काल्पनिक साहसाच्या खेळात आमच्या गटातली चारही पात्रं पाचव्या लेव्हलला पोचली. ओगर हा धिप्पाड राक्षस पहिल्याच फेरीत आडवा होतो. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतो तो आकडा, दुप्पट केले, तर लढाई नुसती लांबली. काय करू?

उत्तर : हिट पॉइंट वाढवून धोका वाढत नाही, हे मीही बऱ्याच रटाळ लढायांनंतर शिकलो. पाचव्या लेव्हलला फायटर, म्हणजे योद्धा, एका पाळीत दोनदा वार करतो, विझार्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, हाती फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र येतो : सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28 नुकसान. 2014च्या नियमांतला 59 हिट पॉइंटचा ओगर त्यापुढे काय टिकणार? शिवाय चौघांच्या चार पाळ्या, त्याची एकच. म्हणून त्याला सोबती द्या.

मी ओगरला अरुंद पुलावर उभं केलं आणि दोन्ही काठांवर सहा गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, धनुष्यं घेऊन, दूर दूर पांगवले. फायरबॉलची त्रिज्या 20 फूट. एकाच स्फोटात सगळे सापडले नाहीत. गॉब्लिनचा बाण +4 ने सुटतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात 4 मिळवायचे; आर्मर क्लास, म्हणजे वार चुकवण्याचा आकडा, 16 असलेल्या पात्राला 12 पडले तरी तो लागतो. विझार्ड खेळणारी मुलगी नकाशावर वाकून बराच वेळ अंतरं मोजत बसली. मला हेच हवं होतं!

मात्र प्रत्येक शत्रू पात्रांबरोबर वाढवू नका, ही माझी कळकळीची विनंती. पहिल्या लेव्हलला ज्या गॉब्लिनांनी त्यांना पळवून लावलं, तेच गॉब्लिन, तेच 7 हिट पॉइंट, एकदा पुन्हा समोर आणा. खेळाडूंना ती लढाई मनसोक्त जिंकू द्या.