वाचक विचारतात : लॉर्ड बेल, एक पोस्टर आणि केळीची प्रेसनोट

अमळनेरहून एक वाचक विचारतात : दक्षिण आफ्रिकेतल्या गुप्ता बंधूंच्या प्रकरणात 'लॉर्ड बेल' हे नाव वाचलं. प्रसिद्धीच्या धंद्यातला माणूस लॉर्ड कसा होतो?

टिम बेल १९४१ साली लंडनमध्ये जन्मले. घराणं सरदारांचं नव्हतं. अठराव्या वर्षी ते एका टीव्ही कंपनीत अगदी खालच्या कामावर लागले, पुढे जाहिरात कंपन्यांत गेले. १९७० मध्ये साची अँड साची ही जाहिरात कंपनी सुरू झाली तेव्हापासून ते तिथे होते. हुजूर पक्षाचं प्रचाराचं काम तिथेच आलं आणि ते मार्गारेट थॅचर यांचे विश्वासू सल्लागार झाले. थॅचरबाईंच्या शिफारशीवरून त्यांना 'सर' किताब मिळाला, तर १९९८ मध्ये ते लॉर्ड झाले. ही लॉर्डकी वडिलांकडून मुलाकडे जात नाही. १९५८ च्या कायद्यानुसार ती त्या माणसाच्या हयातीपुरती असते आणि तिच्यामुळे वरिष्ठ सभागृहात बसता येतं. आपल्या राज्यसभेतले राष्ट्रपतिनियुक्त सदस्य डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की त्यांची मुदत सहा वर्षांची.

गुप्तांचं काम बेल यांच्या बेल पॉटिंजर या जनसंपर्क कंपनीने २०१६ मध्ये घेतलं, महिन्याला एक लाख पौंडांवर. हे गुप्ता मूळचे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी असलेल्या जवळिकीचा फायदा घेतल्याच्या आरोपांकडून लोकांचं लक्ष हटावं म्हणून 'गोऱ्यांची भांडवली मक्तेदारी' हा मुद्दा तापवला गेला, त्यासाठी ट्विटरवर खोटी खातीही वापरली गेली. आधीच वर्णभेदाने पोळलेल्या देशात हे करणं म्हणजे वाळल्या कडब्यात काडी टाकणं. बेल ऑगस्ट २०१६ मध्ये बाहेर पडले. हे काम आपल्याला मान्य नव्हतं, असं ते नंतर सांगत राहिले, पण गुप्तांना भेटायला सुरुवातीला ते स्वतःच गेले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या जनसंपर्क संघटनेने कंपनीला किमान पाच वर्षांसाठी काढून टाकलं. गिऱ्हाइकं पटापट सुटली आणि काही दिवसांतच कंपनी बुडाली. बेल २०१९ मध्ये वारले.

चोपड्याची पत्रकारितेची विद्यार्थिनी : थॅचर यांच्या प्रचारातलं ते बेकारांच्या रांगेचं पोस्टर इतकं का गाजलं?

ते १९७८ चं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर नागमोडी रांग, टोकाला बेकारी कार्यालयाची ('अनएम्प्लॉयमेंट ऑफिस') पाटी आणि वर तीनच शब्द : 'लेबर इझंट वर्किंग'. अर्थ दुहेरी. मजूर पक्षाचं काही चालत नाही आणि मजुराला काम नाही. मराठीत ही कोटी जमत नाही, म्हणून भाषांतर वाचून तिची धार कळत नाही. ओळ बेल यांची नव्हे, अँड्र्यू रदरफोर्ड यांची. बेल यांचं काम ती थॅचरबाईंच्या गळी उतरवण्याचं. विरोधकांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कशाला, ही बाईंची शंका होती.

रांगेतली माणसं बेकार नव्हती, पक्षाचे तरुण कार्यकर्ते होते. शंभराच्या आसपास हवे होते, आले जेमतेम वीस. मग त्यांनाच जागा बदलून पुन्हापुन्हा उभं केलं आणि फोटो जोडले. पोस्टर लागलं मोजक्या ठिकाणी, पण अर्थमंत्री डेनिस हीली यांनी संसदेत त्यावर टीका केली आणि ते फुकटात सगळ्या वर्तमानपत्रांत पोचलं. अभ्यासायची जागा ही. आमच्या मते मात्र उभी केलेली माणसं खरी रांग म्हणून दाखवणं तेव्हाही चूकच होतं.

रावेरच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक : आमच्या प्रेसनोटा छापून येत नाहीत. पीआर एजन्सी नेमावी का?

आधी नोट सुधारा. बहुतेक नोटांची सुरुवात अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्यांच्या नावांनी होते, बातमी चौथ्या परिच्छेदात सापडते. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणजे नेमकी बातमीच जाते. पहिल्या वाक्यात कोणी, काय, कुठे, कधी हे आलंच पाहिजे. 'केळी निर्यातीत भरारी' नको. '४० फुटी कंटेनर, १३ किलोची खोकी, सुमारे २० टन माल, अमुक बंदराकडे, अमुक तारखेला रवाना' असं लिहा. एकूण २५०-३०० शब्द पुरेत. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर पलीकडे उघडला की अक्षरांचा चुरा होतो. फोटो व्हॉट्सॲपवर साधा टाकला तर बारीक होऊन छापायला फुटतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. फोटोओळीत नावं डावीकडून क्रमाने द्या, खाली माहितगार माणसाचा मोबाईल नंबर द्या. नोट दुपारीच पोचवा, संध्याकाळी जिल्ह्याची पानं भरत आलेली असतात.

एवढं करूनही एजन्सी हवीच असेल तर करार लेखी करा. महिन्याला किती नोटा, पाठवण्याआधी मंजुरी कोणाची, फी किती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, जाहिरातीचा खर्च वेगळा, एक महिन्याची नोटीस. समाजमाध्यमांच्या खात्यांचे पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, नाहीतर एजन्सी सोडताना खातंही जातं. खोटी खाती काढायची नाहीत आणि पैसे देऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द असलाच पाहिजे, ही दोन कलमं गाळू नका. एजन्सीवाला त्यांना कांकू करू लागला तर सही न करता उठा.