फिनलंडकडच्या जुन्या वाचनालयाच्या छताला इतके खोल गोल झरोके कशाला?
पुस्तकाच्या पानावर थेट ऊन पडू नये म्हणून. उत्तरेत सूर्य डोक्यावर येतच नाही, तिरपं ऊन सरळ डोळ्यांत घुसतं. फिनलंडचे वास्तुरचनाकार अल्वार आल्टो यांनी व्हीपुरीच्या वाचनालयात (१९३५; तेव्हा फिनलंड, आता रशियातलं वीबोर्ग) असे ५७ झरोके ठेवले, विहिरीच्या कठड्यासारखे खोल. भर जूनमध्येही तिथे सूर्य जेमतेम ५२ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे किरण झरोक्याच्या पांढऱ्या कडेवर आपटतात आणि विखुरूनच खाली येतात. वाचणाऱ्याच्या हाताची गडद सावलीसुद्धा पानावर पडत नाही. हिवाळ्यात मात्र झरोक्यांचा भरवसा नाही, डिसेंबरात दुपारीच अंधारतं. त्यासाठी छताला दिवे आहेत, पण त्यांचा झोत टेबलांवर नाही, भिंतींवर.