43 दिवस झाले तरी पाळी नाही, काही बिघडलंय का?

प्रश्न: ताई, आम्ही तासगावचे. मुलगी सातवीत आहे, 12 वर्षांची. 9 जूनला पहिल्यांदा पाळी आली, मग 16 जुलै, मग एकदम 28 ऑगस्ट आणि आता 21 सप्टेंबर, कशाचा कशाला मेळ नाही. सासूबाई म्हणतात दर 28 दिवसांनी यायलाच पाहिजे. त्यात ऑगस्टमधली नेमकी आमच्या गणपतीच्या रथाच्या दिवशी आली, पोरगी दिवसभर खोलीत रडत बसली. आणि पाळी आली की उंची थांबते म्हणतात, खरं का? तिची आत्ता 148 सेंटीमीटर आहे, माझी 154, ह्यांची 168.
— एक आई, तासगाव

उत्तर: तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात ना, हे फार छान केलंत, आता वही-पेन घ्या आणि लेकीला शेजारी बसवा, हिशोब तिलाच करू दे. पाळीचं अंतर मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत, पुष्कळ बायका पाळी संपल्यापासून मोजतात आणि तिथंच चार-पाच दिवस चुकतात. 9 जूननंतर जूनचे उरले 21, जुलैचे 16, झाले 37. पुढचे 15 आणि 28, झाले 43. मग 3 आणि 21, म्हणजे 24. आता सासूबाईंना सांगा, पहिली एक-दोन वर्षं 21 ते 45 दिवसांत कधीही आली तरी ते नॉर्मल धरतात, कारण मेंदू आणि अंडाशय यांचं अजून नीट जुळलेलं नसतं, दर महिन्याला बीज बाहेर पडतंच असं नाही. तिन्ही आकडे त्यात बसतात बघा. ते 28 मोठ्या बायकांची सरासरी आहे, त्यांच्यातही सगळ्यांचं तसं नसतं.

तिच्या तीन आकड्यांची सरासरी काढली तर 104 भागिले 3, जवळजवळ 35. पण सरासरीवर तारीख ठरवू नका, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. 21 सप्टेंबरमध्ये 24 मिळवले की 15 ऑक्टोबर, 43 मिळवले की 3 नोव्हेंबर. म्हणजे 12 ऑक्टोबरपासूनच दप्तरात दोन पॅड आणि एक जास्तीची चड्डी, मग शाळेत अचानक आली तरी तिची धांदल नाही. रथाच्या दिवशीचं वाचून मला फार वाईट वाटलं, पॅड लावून पोरीला खुशाल रथ बघायला जाता येतं हो, पाळी म्हणजे आजार नाही की विटाळ नाही.

उंची लगेच थांबत नाही. जोरात वाढायचा काळ पाळीच्या आधीचा असतो, तेव्हा वर्षाला 8 सेंटीमीटरपर्यंतही वाढते, पाळी आल्यावर वेग मंदावतो पण साधारण 5 ते 7 सेंटीमीटर अजून वाढते. डॉक्टर एक साधा अंदाज काढतात, आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगी असेल तर 13 वजा, मुलगा असेल तर 13 मिळवायचे आणि 2 नं भागायचं. तुमचं 168 अधिक 154, 322, वजा 13, 309, निम्मे 154.5. त्याच्या सात-आठ सेंटीमीटर खालीवर होऊ शकतं, म्हणून हा अंदाजच समजा. या वयात वजनही वाढतं, कंबर-मांड्या भरतात, त्यावरून तिला बोलू नका आणि जेवण तर मुळीच तोडू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं तेही आकड्यातच सांगते: दोन पाळ्यांत 90 दिवसांच्या वर अंतर गेलं, 7 दिवसांपेक्षा जास्त रक्त गेलं, किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजून बदलावं लागलं, तर वाट बघू नका, तिला घेऊन जा आणि हीच वही बरोबर न्या.