सात मात्रांची परीक्षा

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा सेकंड पीयूसीला (कर्नाटकातली बारावी), सायन्स. घरात पिढ्यान्‌पिढ्या भजनाचा पखवाज. मुलगा मात्र रात्री दीडपर्यंत हेडफोन लावून लॅपटॉपवर काहीतरी टाईप करतो, त्यातून ठेका वाजतो आणि विचारलं तर 'सोनिक पाय' म्हणतो. 'यात पोट भरतं का? लॅपटॉप काढून घेऊ का?'

काढून घेऊ नका. दीडचं जागरण तेवढं बंद करा.

तो काय करतो ते तुम्हाला कुणापेक्षाही लवकर समजेल. सोनिक पाय हे केंब्रिज विद्यापीठात असताना सॅम आरन यांनी शाळकरी मुलांना डोळ्यापुढे ठेवून तयार केलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्यात बोल वाजवायचे नाहीत, लिहायचे. हा आवाज कर, अर्धी मात्रा थांब, तो आवाज कर. या ओळींभोवती लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारी फेरी, तुमचं आवर्तन. ठेका चालू असतानाच मुलगा ओळ बदलतो, रन दाबतो, आणि बदल पुढच्या आवर्तनापासून ऐकू येतो. भजनात तुम्ही सम (आवर्तनाची पहिली मात्रा) साधून लग्गी, म्हणजे जलद ठेका, धरता तसाच. लूपमध्ये थांबायची ओळ लिहायची राहिली तर प्रोग्राम तो लूप बंदच पाडतो. (हे मला फार आवडलं.) परदेशात लोक स्टेजवर असं वाजवतात, त्याला लाइव्ह कोडिंग म्हणतात, मागे पडद्यावर कोड दिसत असतो. चित्रांसाठी हायड्रा आहे, ब्राउझरमध्येच ठेका लिहायला स्ट्रुडल आहे.

पोट? नुसत्या यावर नाही. 'लाइव्ह कोडर पाहिजे' अशी जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. काम मिळतं ते गेम, वेबवरचं ग्राफिक्स, आवाजाचं सॉफ्टवेअर यांत. त्यासाठी पुढची पायरी हवी: चित्रांना पी5, गेमला गोडो. दोन्ही फुकट.

खरी आवड की यूट्यूबवरून उतरवलेला कोड, ते तुम्हीच तपासा. त्याला रूपक ताल लिहायला सांगा. सात मात्रा, तीन-दोन-दोन, पहिलीवरच खाली (टाळी नाही). जमला तर तिसऱ्या आवर्तनात तिहाई (तेच बोल तीनदा) घालून समेवर यायला सांगा. तिथे गणित करावं लागतं, नक्कल चालत नाही. कोड कळला नाही तरी चालेल, सम चुकली तर तुम्हाला कळेलच. मी स्वतः रूपकावर एक अख्खा रविवार घालवला आणि तिहाईला हात टेकले.

सम साधली तर कॉम्प्युटर सायन्सचा विचार करा. केसीईटीच्या (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) इंजिनिअरिंग रँकमध्ये पीयूसीचे गुण निम्मे धरतात, म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष नको. व्हीटीयूची (कर्नाटकचं तांत्रिक विद्यापीठ) कॉलेजं बेळगावातच आहेत, राहण्याचा खर्च वाचेल. चित्रांकडे ओढा जास्त असेल तर बी.डेस.साठी, म्हणजे डिझाईनच्या पदवीसाठी, आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेश परीक्षा. ती कुठल्याही शाखेतून देता येते, परीक्षा जानेवारीत असते.

एमएचटी-सीईटीचाही (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) फॉर्म भरा. दहावी-बारावी सीमाभागातल्या संस्थांतून झालेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी तरतूद आहे, आणि आपल्याकडची कितीतरी मुलं ती केवळ दाखल्यांवाचून घालवतात. मातृभाषेचा आणि गावाचा दाखला ऐन प्रवेशाच्या धावपळीत मिळत नाही. या महिन्यातच काढून ठेवा.