गोव्यातल्या मोरजीच्या पुळणीत नळी रोवण्याआधी

वाळूत नळी रोवून पुळणीखालचं पाणी मोजायला निघालायस, तर एका मोजणीवर विसंबू नकोस. निदान तेरा तास थांब, दर अर्ध्या तासाने नळीत टेप सोडून पाण्याची पातळी बघ. लाटांजवळच्या नळीतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर चढतं-उतरतं. आत माडांकडे जावं तशी ती हालचाल बारीक होते आणि उशिरा पोचते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती), दोन्ही दिवस पकड.

ओहोटीला उतारावर नीट बघ. एका रेषेखाली वाळू आरशासारखी चमकते, वर फिक्कट असते. त्या रेषेखाली भूजल झिरपून बाहेर येत असतं. समुद्र भराभर उतरतो, वाळू मात्र सावकाश निचरते, म्हणून पुळणीखालची सरासरी पातळी समुद्राच्या सरासरीहून वरच राहते.

ईसी मीटर, म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून खारेपणा सांगणारं यंत्र, वेगवेगळ्या खोलीवर लाव. वर खारं, खाली त्याहून गोडं दिसलं तर मीटर बिघडला समजू नकोस! लाटांचं पाणी वरून मुरतं आणि गोडं त्याच्याखालून समुद्राकडे सरकतं. पहिल्या वर्षी मी असे आकडे चुकीचे समजून खोडले, त्याचं आजही वाईट वाटतं.

पाण्याची उंची वाळूपासून कधीच मोजू नको. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, पुढे ती परत साचते. जांभ्याच्या पक्क्या खुणेला माप जोड. आणि इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, म्हणून वन खात्याला विचारल्याशिवाय वाळूत काहीही रोवू नकोस.