पिशवी काढली, तरी पित्त राहतं

प्रश्न : माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. चार महिन्यांत तीनदा रात्रीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, कळ पाठीतून खांद्यापर्यंत गेली. लातूरला सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे निघाले. सर्जन पित्ताची पिशवी काढा म्हणतात. सासूबाई म्हणतात, “पित्तच काढून टाकलं तर खाल्लेलं जिरंल कसं?” त्यांना जुना पित्ताचा त्रास आहे, आंबट पाणी तोंडात येतं. तोही जाईल का? भावकीतले म्हणतात, हुलग्याचं पाणी द्या, खडे विरघळतील.
– एक वाचक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, सासूबाईंनी विचारलं ते अगदी मुद्द्याचं आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्यांनी ऑपरेशनला होकार देऊ नये असं मलाही वाटतं.

माझं बालपण उदगीरकडच्या एका खेड्यात गेलं. कंदुरी असली की आम्ही पोरं बकरं सोलताना बघत बसायचो. मुलाणी मामा काळीज हातात घेत आणि आधी त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली हिरवी थैली शोधत. तिची मान चिमटीत धरून, काळजाचा तुकडा गेला तरी चालेल पण थैली फुटू नये, अशा बेतानं कापत. एकदा ती फुटलीच. चार पाण्यानं धुऊनही ते काळीज कुणाच्यानं खाववलं नाही, इतकं कडू. पुढे अंबाजोगाईला शिकताना माणसाचं यकृत पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला मामांची ती चिमटी आठवली. तेच तांबूस-तपकिरी काळीज, तीच थैली, फक्त आकार मोठा.

आपलं यकृत साधारण दीड किलोचं असतं आणि उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली बसतं. आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेलं रक्त आधी तिथेच जातं. पित्त तयार होतं तेही यकृतातच, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पिशवी पित्ताचा एक थेंबही बनवत नाही. दोन जेवणांच्या मधल्या वेळात ती ते साठवते आणि त्यातलं पाणी शोषून पाच-दहा पट दाट करते. तिच्यात मावतं जेमतेम ३० ते ५० मिली. सासूबाईंना असं सांगा: यकृत म्हणजे विहीर आणि पिशवी म्हणजे हौद. हौद मोडला म्हणून विहीर आटत नाही, पाणी सरळ पाटात जातं. ऑपरेशननंतर पित्तही असंच थेंबथेंब लहान आतड्यात उतरत राहतं.

ते तिथे करतं काय? येसराच्या आमटीचं पातेलं नुसत्या पाण्यानं धुऊन बघा, तर्री सुटत नाही. साबण लावला की तेल बारीक-बारीक थेंबांत फुटतं. पित्तातले क्षार जेवणातल्या तेलातुपाचं तेच करतात, मग स्वादुपिंडाचा रस त्या थेंबांचं पचन करतो. तेलकट घास आतड्यात पोचला की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटतं आणि त्याच्या इशाऱ्यावर पिशवी आकसते. अशा वेळी खडा तोंडाशी अडकला की कळ येते. सासूबाईंना रात्री जेवणानंतरच का दुखतं, ते यावरून कळेल.

आता जुन्या त्रासाचं. आपल्या भाषेनं इथे मोठा घोळ घातलाय. छातीत जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. आंबट पाणी हे जठरातलं आम्ल आहे. खरं पित्त आंबट नसतं, कडू असतं. तेव्हा पिशवी काढून ती जळजळ जाईलच असं मी सांगणार नाही, तिचे उपचार वेगळे. आणि गांधींचा तर यकृताशी सहसा काही संबंध नसतो, ती बऱ्याचदा ॲलर्जी असते.

या एका शब्दानं माझ्या आईची दोन वर्षं खाल्ली. पोटात कळ आली की ती “पित्त झालंय” म्हणायची, डॉक्टरही आम्लाच्या गोळ्या द्यायचे. मी तेव्हा शिकत होते, मलाही सुचलं नाही. शेवटी डोळे पिवळे झाले आणि थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कळलं की खडा पित्ताच्या नलिकेत उतरलाय. ती वाचली, पण ती रात्र मला आजही आठवते.

हुलग्याचं पाणी लोक मुतखड्यासाठी देतात. पित्ताशय मूत्रमार्गावर नाही, त्यामुळे तो खडा लघवीवाटे पडू शकत नाही. तेल-लिंबू पिऊन खडे पाडायचं कुणी सांगितलं तर तेही करू नका. शौचात पडणाऱ्या हिरव्या गोळ्या त्या तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात.

खडे असून काहीच दुखत नसेल तर सहसा ऑपरेशनची घाई नसते. सासूबाईंना मात्र तीनदा कळ आली आहे. सर्जन सांगतात ते योग्य आहे, दिवाळीनंतर बघू म्हणू नका. दरम्यान डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी, थंडीताप किंवा काही तास न थांबणारी कळ, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. शौचाला रंग पित्तातूनच येतो. तो गेला म्हणजे वाट अडली.

ऑपरेशननंतर काहींना तेलकट खाल्लं की पातळ होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. सुरुवातीला भाकर, वरण, ताक, शिजवलेली भाजी थोडी थोडी, चार-पाच वेळा द्या. तर्री आणि धपाट्यांवरचं लोणी नंतर, हळूहळू.