‘वाचा गेली’ की ‘वाचाघात’?

कळव्याहून एका ताईंनी विचारलंय: सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही थांबलं. डिस्चार्ज कार्डावर ‘अफेजिया’ असं लिहिलंय. भेटायला येणारे ‘वाचा गेली’ म्हणतात, फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मॅडम ‘वाचाघात’ म्हणतात आणि एक काका तर ‘मुके झाले’ असंच सगळीकडे सांगतात. यातला बरोबर शब्द कोणता? ‘रिहॅबिलिटेशन’ला ‘पुनर्वसन’ म्हणावं का, कारण आमच्याकडे तो शब्द प्रकल्पग्रस्तांच्या संदर्भातच ऐकायला मिळतो. आणि सासरे उद्या एकटे बाहेर पडू लागले, तर त्यांच्या खिशातल्या कार्डावर मराठीत काय लिहावं?

ताई, ‘वाचाघात’ म्हणा, तसंच लिहा आणि भेटायला येणाऱ्यांनाही तोच शब्द सांगा. ‘पक्षाघात’ आपल्या कानाच्या सवयीचा आहे, हा त्याच घडणीचा. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. तिच्यावर झालेला आघात तो पक्षाघात आणि वाचेवर झालेला तो वाचाघात. मार थोडा लागतो, जबर लागतो, त्यातून कुणी थोडं सावरतं, कुणी बरंच. ‘गेली’ या क्रियापदात त्याला जागाच नाही. नोकरी गेली, दृष्टी गेली, माणूस गेला: जिथे पुढे करण्यासारखं काही उरत नाही तिथे आपण हे क्रियापद वापरतो. तुमचे सासरे खाटेवर बसून हे ऐकत असतात, आणि त्यातलं बरंचसं त्यांना कळत असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून या शब्दाबद्दल मी इतका आग्रह धरतोय.

‘मुका’ तर पूर्णच चूक. ज्याचं बोलणं मुळातच उमटलं नाही त्याच्यासाठी पूर्वी हा शब्द वापरत, आणि आता तिथेही तो कुणी चांगला मानत नाही. तुमच्या सासऱ्यांनी अख्खं आयुष्य मराठीत काढलंय.

बोलण्याच्या अडचणींना मराठीत शब्द भरपूर आहेत, आणि गोंधळही त्यातूनच होतो. आवाज बसतो तो घशामुळे. भीतीने वाचा बसते, बोबडी वळते. झटक्यानंतर जीभ जड होते, त्याला डॉक्टर डिसार्थ्रिया म्हणतात; तिथे शब्द डोक्यात तयार असतो, स्नायू ऐकत नाहीत म्हणून उच्चार अस्पष्ट येतो. वाचाघात यातलं काहीच नाही. तिथे शब्दच हाती लागत नाही, भलताच लागतो, किंवा समोरच्याचे शब्द कानावर पडूनही अर्थ जुळत नाही. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या वाणीच्या चार पायऱ्या आपण कीर्तनात ऐकलेल्या असतात. माझ्यापुरता मी असा अर्थ लावतो की जीभ जड होणं हा वैखरीतला, म्हणजे तोंडून उमटणाऱ्या वाणीतला बिघाड, आणि वाचाघात त्याच्या आतला, मध्यमेतला, जिथे शब्द मनात जुळतो. एकाच माणसाला दोन्ही एकदम असू शकतात, म्हणून नेमकं काय आहे ते स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्यावं लागतं. जिभेला वेखंड आणि मध चोळणारे सल्लागार तुम्हालाही भेटले असतील. वाचाघाताचं मूळ जिभेत नसतं.

आमच्या ठाण्यातल्या चरईत एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना हा त्रास झाला. तांब्याकडे बोट दाखवून ‘हे काय?’ विचारलं की ते बराच वेळ त्याच्याकडे बघतात, ओठ हलतात, मग म्हणतात, ‘ते… पाणी… पाण्याचं घर.’ आपण नुसतं ‘तां’ म्हटलं की लगेच ‘तांब्या!’ म्हणजे शब्द पुसला गेलेला नाही, तो सापडत नव्हता. वार विचारला तर सांगता येत नाही, पण ते सोमवारपासून एकेक म्हणत जातात, गुरुवारवर आले की थांबतात आणि टेबलावर बोट आपटतात: आज हा. रामरक्षा मात्र अथपासून इतिपर्यंत अडखळल्याशिवाय. त्यांच्या घरी सुरुवातीला यावरून फार मनस्ताप झाला. ‘एवढं स्तोत्र येतं, मग बायकोचं नाव कसं येत नाही? मुद्दाम करतात.’ मुद्दाम कुणी करत नसतं. पाठ असलेलं, एकापाठोपाठ आपोआप येणारं बोलणं आणि विचार करून नवं वाक्य जुळवणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. पाढे, आरती, ‘या, बसा’, रागात निघणारी शिवी हे सगळं पहिल्या प्रकारात येतं आणि पुष्कळदा शाबूत राहतं.

वाचाघाताच्या ज्या प्रकारात वाक्य तुटतं, त्यात मराठी माणसाची वेगळीच पंचाईत होते. ‘मुलगा… डॉक्टर… उद्या’ एवढंच कुणी म्हणालं, तर मुलाला डॉक्टरकडे न्यायचंय, मुलगा डॉक्टरांना आणणार आहे, की डॉक्टरांनी मुलाला बोलावलंय? आपल्याकडे कोण कुणाला काय करतं हे -ने, -ला, -कडे आणि क्रियापद मिळून सांगतात, आणि नेमके तेच गळतात. इंग्रजीतले व्यायाम नुसते भाषांतर करून इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, ते यामुळे. याच्या उलटही एक प्रकार असतो: माणूस भराभर बोलतो, पण शब्द चुकीचे किंवा अर्थहीन असतात, आणि आपण काय बोलतोय हे त्याला स्वतःला पुरतं कळत नाही. त्याला घरचे ‘बरळतात’, ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात. तोही वाचाघातच. आपली भाषा ‘कायावाचामने’ असं म्हणताना वाचा आणि मन वेगवेगळं धरते, तो भेद इथे सोडू नये.

नावाचा हा घोळ युरोपातही झाला. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत मांडली. तो ‘तान’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काही बोलू शकत नसे, पण सांगितलेलं त्याला बरंच कळत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, इजा आढळली. ब्रोका यांनी या अवस्थेला ‘अफेमी’ म्हटलं. १८६४ मध्ये आर्मां त्रूसो यांनी ‘अफाझी’ (इंग्रजीत ‘अफेजिया’) सुचवलं आणि तेच टिकलं. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी समजण्यात बिघाड असलेला प्रकार वर्णिला. ग्रीक मुळाप्रमाणे ‘अफेजिया’चा अर्थ होतो ‘बोलणं नसणं’, म्हणजे तोही शब्द ‘वाचा गेली’च म्हणतो. त्या मानाने वाचाघात जास्त खरा. आपल्या चरकसंहितेत पक्षवधाच्या, म्हणजे पक्षाघाताच्या वर्णनात ‘वाक्स्तंभ’ (वाणी थिजणं) येतो, आणि वाताच्या विकारांच्या यादीत ‘मूकत्व’ आणि ‘वाक्संग’ हे दोन शब्द वेगळे दिले आहेत. संग म्हणजे अडकणं. मुकेपण वेगळं आणि वाणी अडकणं वेगळं, ही जाण तिथे दिसते याचं मला फार अप्रूप वाटतं. (कुणी ‘भाषाघात’ सुचवतात. तो अधिक नेमका आहे हे खरं, पण ‘वाचाघात’ आता रुळलाय, उगीच दुसरं नाणं पाडू नये.)

आता ‘रिकव्हरी’, म्हणजे होणाऱ्या सुधारणेला काय म्हणायचं ते. बँकेत याला वसुली म्हणतात, ते इथे नको. ‘बरे होणे’ म्हणजे ताप उतरावा तसं पूर्ववत होणं, आणि वाचाघातात सगळेच पूर्ववत होत नाहीत. जिन्यात भेटणारे शेजारी विचारतात, ‘काय, फरक आहे का?’ हा ‘फरक’ मला सगळ्यांत प्रामाणिक शब्द वाटतो, कारण अभ्यासकही नेमका तोच मोजतात.

स्ट्रोक आलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांना वाचाघात होतो. पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत आपसूक सुधारणा सगळ्यांत वेगाने होते, आणि त्यावरूनच ‘सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे काही नाही’ असा समज पसरला. तुमच्याही कानावर तो येईलच. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका जर्मन चाचणीत १५६ जण होते, सगळ्यांच्या स्ट्रोकला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ लोटलेला. तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी दिली, तर रोजच्या प्रसंगांतल्या बोलण्यात फरक पडला, आणि थेरपीसाठी थांबून राहिलेल्या गटात तो दिसला नाही. त्याआधी २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली होती. स्पीच थेरपी अजिबात न मिळण्यापेक्षा मिळाली तर रोजच्या संवादात, वाचनात, लिहिण्यात फायदा होतो, असं त्यात दिसलं. झटका आल्याआल्या भडिमार करावा, असा याचा अर्थ काढू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या एका मोठ्या चाचणीत अगदी सुरुवातीच्या दिवसांतल्या जादा थेरपीने नेहमीच्या थेरपीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. सासरे आत्ता थकत असतील तर त्यांना विश्रांती घेऊ द्या.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ब्रिटनमधली २०१९ची चाचणी. २७८ जण होते. त्यातल्या ज्यांना कॉम्प्युटरवरचा सराव दिला, त्यांनी स्वतःच्या कामाचे १०० शब्द निवडले आणि सहा महिने घरी त्यांचा सराव केला. निवडलेले शब्द स्पष्टपणे सुधारले. गप्पांमध्ये मात्र मोजता येईल असा फरक दिसला नाही. यातून माझ्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. जे घोकाल तेच येईल, म्हणून काय घोकायचं ते नीट ठरवा. आणि शब्दांच्या सरावाबरोबर गप्पांचा सराव वेगळा करावा लागतो.

ताई, या १०० शब्दांसाठी एक वही घ्या. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यावरचे ‘गरुड’, ‘रथ’, ‘ऐरण’ कशाला? सासरे ज्यांना हाक मारत आले त्यांची नावं आधी लिहा, सूनबाईंचंही, तुमचं. मग चष्मा, कवळी, औषध, लघवी, दुखतंय, पंखा, चॅनेल बदल. मग त्यांचं ठाणं: टीएमटी, खाडी, जांभळी नाका, कोपिनेश्वर, तलावपाळी, पेन्शन, पासबुक. पानाचा किंवा क्रिकेटचा नाद असेल तर ते शब्द पहिल्या दहांत. शेजारी वस्तूचा फोटो चिकटवा, मोबाइलमधल्या चित्रापेक्षा घरातल्याच वस्तूचा. शब्द अडला तर लगेच तोंडात घालू नका; थोडा वेळ थांबा, मग पहिलं अक्षर द्या. आणि दुकानात दोन वाक्यं बोलण्याची तालीम घरी करा: ‘अर्धा लिटर दूध द्या. सुटे नाहीत.’

त्यांच्याशी हिंदीत बोलू की मराठीत, हा प्रश्न ठाण्यातल्या घरात येतोच, कारण घरी मराठी, नाक्यावर हिंदी, कचेरीत इंग्रजी असं आयुष्य गेलेलं असतं. पहिली शिकलेली भाषा आधी परतते, असं एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी मांडलं. सगळ्यांत सरावाची भाषा परतते, असं फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी. प्रत्यक्षात बहुतेकांच्या सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात. ज्या भाषेत त्यांचा जीव रमतो तिच्यात बोला, आणि मध्येच हिंदी शब्द आला तर तो चालवून घ्या.

राहिला ‘पुनर्वसन’. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हा शब्द काढला की नवी मुंबईसाठी घेतलेली ९५ गावांची जमीन, सिडको आणि मोबदल्यातले साडेबारा टक्के भूखंड हेच आठवणार, ते साहजिक आहे. तरीही शब्द चांगला आहे. त्यात ‘वसणे’ आहे, आणि माणूस पुन्हा आपल्या माणसांत, व्यवहारात, गप्पांत वसावा, हेच थेरपीचं काम. त्याने जुन्याच जागी वसावं अशी अटही तो शब्द घालत नाही. कुणी हातवारे, चित्रं, लिहिलेले अर्धे शब्द यांच्या मदतीने नव्या पद्धतीने वसतो. ‘वाचा-पुनर्वसन’ असं लिहा. सरकारी कागदावर वेगळं नाव भेटेल: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत वाणी आणि भाषेचं कायमचं दिव्यांगत्व हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यात अफेजियाचा उल्लेख नाव घेऊन केलाय. प्रमाणपत्राच्या खिडकीवर ‘असा प्रकारच नाही’ म्हणाले तर हे दाखवा. तपासणी आणि थेरपीसाठी वांद्रे रेक्लमेशनजवळची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय या दोन्ही ठिकाणी याच विषयाचं शिक्षणही दिलं जातं.

कार्डावर ‘बोलता येत नाही’ असं लिहू नका, ते वाचून रिक्षावाला सोबत कोण आहे ते शोधतो. असं लिहा: ‘मला वाचाघात (अफेजिया) झाला आहे. मला शब्द सुचायला वेळ लागतो. कृपया सावकाश, छोट्या वाक्यांत बोला आणि मला उत्तर द्यायला वेळ द्या. हो-नाही असे प्रश्न विचारलेत तर सोपं जाईल.’ ‘मला सगळं समजतं’ हे वाक्य त्यांना खरंच बहुतेक समजत असेल तरच घाला; ते थेरपिस्टना विचारून ठरवा. अक्षर मोठं हवं, कार्ड लॅमिनेट करून घ्या. मागच्या बाजूला हाच मजकूर हिंदीत, आणि दोन्ही बाजूंना तुमचा फोन नंबर.